डाव्या हाताच्या आधी

३ फेब्रुवारी

वन्सं,

पाया पडते, पण लांबूनच. वाकलं की बरगडी दुखते. घाबरू नका, सरावातलं दुखणं आहे. हल्ली माझ्या अंगावर ज्या खुणा असतात त्या मी स्वतःहून मागून घेतलेल्या असतात.

बातमी अशी की लढत ठरली. बॉक्सिंगच्या आठ फेऱ्यांची, माझी आजवरची सगळ्यात मोठी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, आणि कुठे म्हणाल तर आपल्याच गावच्या स्टेडियममध्ये. मास्तरीणबाईंनी हॉलमध्ये सांगितलं तेव्हा मुलींनी दोरीच्या उड्या थांबवून टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मग मोरीत जाऊन ओकून आले.

गावाची भीती आहेच. पण तुमचा भाऊ ट्रक घेऊन लांबच्या खेपांवर असतो असं तुम्ही मागे लिहिलं होतं, म्हणून मी हो म्हटलं. तो अजून तिकडेच आहे ना? एवढं नक्की कळवा. खरी भीती दुसरीच आहे. समोर जी उभी राहणार तिला सगळे सुतारीण म्हणतात, खिळा ठोकावा तशी मारते म्हणून. ती डावरी आहे.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजपर्यंत माझ्यासमोर आल्या त्या सगळ्या उजव्या हाताच्या होत्या. परवा मास्तरीणबाईंनी दुसऱ्या हॉलमधून एक डावरी पोरगी सरावाला आणली. विशीतली, गरीब स्वभावाची, आत येताना चपला नीट लावून ठेवणारी. तिने पहिल्यांदा डावा हात उचलला आणि माझे दोन्ही हात खाली आले. मी आणले नाहीत, आले. आणि मी मोठ्याने म्हणाले, "चुकलं माझं."

मुली पोट धरून हसल्या. तुम्ही मला पहिल्या दिवशी इथे आणून "ही माझी वहिनी, हिला मारायला शिकवा" म्हणालात, तेव्हापासून मी सगळ्यांची वहिनीच आहे. पोस्टरवरही तेच नाव छापणार आहेत. त्यांना वाटलं, वहिनीने विनोद केला. मास्तरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

आता माझं काम. मास्तरीणबाई म्हणतात, ठोसा हातात सुरू होत नाही. त्याच्या आधी तो पायात, खांद्यात, श्वासात कुठेतरी दिसतो, आणि ते आधीचं जिला दिसलं ती वाचली. वन्सं, सहा वर्षं संसार केला, पण मला ते आधीचं माहीत नाही. मी दर वेळी डोळे गच्च मिटायचे. सुतारीण वेगळी, तो वेगळा, हे मला कळतं. माझ्या अंगाला कळत नाही. अंगाला एकच डावा हात माहीत आहे, तुमच्या भावाचा.

तुम्ही त्याच्याबरोबर लहानाच्या मोठ्या झालात, त्याच्या हातचा मारही खाल्लात. आठवून लिहा. हात उगारायच्या आधी तो काय करायचा? हे कळलं नाही तर भर स्टेडियममध्ये हात खाली सोडून मी त्या बाईची माफी मागत उभी राहीन, आणि ती काही थांबणार नाही.

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद द्यावा तर मानाने तू मोठी, नमस्कार करावा तर वयाने मी. तेव्हा नुसतीच जवळ घेते असं समज, बरगडी सांभाळून.

तुझं पत्र मुकादमबाईंनी चादरींच्या गठ्ठ्यात घालून माझ्या टेबलावर ठेवलं. यापुढेही इथे धुलाईघराच्या पत्त्यावरच लिहीत जा. घराकडचा पोस्टमन वेंधळा झालाय. दवाखान्याच्या चादरी वाढल्यात, इस्त्रीचं मोठं यंत्र एक दिवस चालतं आणि दोन दिवस रुसतं, आणि मुकादमबाई त्याच्याशी सासूसारख्या बोलतात. बाकी इकडे सगळं ठीक. तू इकडची काळजी करू नकोस, तुझं खेळ.

तू विचारलंस ते मला आठवत नाही गं. तू डोळे मिटायचीस, मी जमिनीकडे बघायचे. आमच्या घरच्या फरशीवरचे डाग मी तुला आजही काढून दाखवीन, पण त्याचा खांदा काय करायचा ते विचारशील तर पाटी कोरी. मला थोडे दिवस दे.

आणि एक सांग. बघायचं असेल तर बघायचं कुठे? डोळ्यांत की हाताकडे? आणि दिसलं तर पुढे काय करायचं? उगाच विचारतेय. उभा जन्म इस्त्री करण्यात गेला, एखादी नवी गोष्ट माहीत असलेली बरी.

वन्सं


१४ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही विचारलंत आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. इथल्या लहान मुलींना मी हेच शिकवते.

डोळ्यांत बघायचं नाही, डोळे फसवतात. हाताकडेही नाही, हात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गळ्याखाली दोन हाडं जिथे मिळतात तिथे नजर ठेवायची. तिथून दोन्ही खांदे दिसतात आणि कडेकडेने पायही. श्वास कोंडायचा नाही. सरळ मागे तर मुळीच जायचं नाही, मागे कधी ना कधी दोरी येते. समोरचा डावरा असेल तर गुडघ्यात वाकून आपल्या डावीकडे सरकायचं, त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर. तिथे त्याचा डावा हात पोचत नाही. वाचायला सोपं आहे. मला अजून जमत नाही.

काल पुन्हा ती डावरी पोरगी आली. या वेळी मी माफी मागितली नाही, पण हात पुन्हा खाली आले आणि ओठ फुटला. पोरगीच रडायला लागली. मास्तरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून विचारलं, "कोणाचा हात आहे तो?" मी म्हटलं, कोणाचा नाही. त्यांचं स्वतःचं नाक दोनदा मोडलंय, आणि त्यातलं एकदा रिंगमध्ये नाही, असं मुली म्हणतात. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

झोपताना मी अजून दाराला खुर्ची लावते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्या खोलीतच राहायला आलाय. पोस्टर छापून झालं. माझा चेहरा नको म्हटलं होतं, तर निम्मा ग्लोव्ह्जच्या मागे लपवलाय. ओळखणारा ओळखेलच.

आणि वन्सं, तो कुठे आहे हे तुम्ही लिहिलंच नाहीत.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

आठवलं. नीट वाच आणि पाठ कर.

आधी तो गप्प होतो. शिव्या चालू असतात तोवर काही नाही, शिव्या थांबल्या की समजायचं. मग हातात जे असेल ते खाली ठेवतो. पेला असो, किल्ली असो, अगदी हळू, सरळ ठेवतो, आवाजसुद्धा होत नाही. इतक्या जपून तो एरवी काहीच ठेवत नाही. मग जीभ गालाच्या आतून दाबतो. उजवी टाच वर येते आणि पाय पुढे घसटत येतो. कंबर धरलीये ना, पाऊल उचलवत नाही, म्हणून घासल्याचा आवाज येतो. उजवा खांदा पडतो. आणि मग डावा हात निघतो, पार मागून.

वहिनी, तो हात फार लांबून येतो. आपल्याला वाटायचं वीज पडते. तसं काही नाही. डोळे उघडे असतील तर एक अख्खा श्वास घेता येईल इतका वेळ असतो. आपण उगाच आंधळ्या राहिलो.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. इस्त्रीचा चटका बसलाय बोटांना, म्हणून दुसऱ्या हाताने लिहितेय.

वन्सं


२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं आणि पहिल्यांदा वाचताना मी वेड्यासारखी खूश झाले. ते तसंच्या तसं मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं, कोणाचं ते न सांगता. त्यांनी पाय घासल्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ही बाई आठवून लिहीत नाहीये. ही बघून लिहितेय. याच आठवड्यात बघून."

वन्सं, माझ्या वेळी त्याची कंबर दुखत नव्हती.

कधीपासून आहे तो घरात? चटका म्हणता, आणि मी तो चटका ओळखत नाही असं तुम्हाला वाटलं? मी सहा वर्षं नळाशी घसरून पडले, दारावर आपटले, गरम तव्याला हात लावला. सगळ्या वस्तूंवर आळ घेतला. तुम्हीच माझं बोट धरून मला तिथून बाहेर काढलंत, म्हणालात, "वहिनी, दाराला हात नसतात." आणि आता मला इस्त्रीची गोष्ट सांगता?

मी लढत रद्द करते. मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं, त्या हो म्हणाल्या. मी येते तिकडे. मी भ्यायलेय, आधीच सांगते. त्याच्यासमोर उभी राहिले तर मला बोलता येईल की नाही तेही माहीत नाही. पण येते. उलट टपाली हो लिहा.

वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

येऊ नकोस. आधी सगळं वाच.

थंडी पडायला लागली तेव्हा तो आला. कंबरेमुळे ट्रक सुटला. म्हटलं, पंधरा दिवस राहील आणि जाईल, तुला कशाला घाबरवू. मग लढत ठरली, तू हरखलेली, आणि मला वाटलं तोवर नक्कीच जाईल. गेला नाही. रोज एकच प्रश्न, ती कुठे आहे. सकाळी मला धुलाईघराच्या फाटकापर्यंत सोडतो, संध्याकाळी न्यायला येतो, मधला वेळ समोरच्या टपरीवर बसून राहतो. फाटक एकच आहे. फोन त्याच्या खिशात असतो. चौकीत एकदा गेले होते. त्यांनी त्याला बोलावलं, दोघांना चहा पाजला आणि "घरातलं घरात मिटवा" म्हणून त्याच्याबरोबरच घरी पाठवलं.

तुझा प्रश्न आला तेव्हा उत्तर माझ्यासमोर जेवायला बसलेलं होतं. तू विचारलंस म्हणून मी डोळे उघडे ठेवले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वर बघितलं, गळ्याखालच्या हाडांकडे, तू सांगितलंस तिथे. पहिल्या वेळी निम्मंच दिसलं. दुसऱ्या वेळी सगळं दिसलं, आणि मी शहाणपणा करून डावीकडे सरकले. वहिनी, तुझ्या रिंगमध्ये डावीकडे स्वयंपाकाचा ओटा नसतो. बोटं त्याच्यावर आपटून मोडली. त्याने मोडली नाहीत, ओट्याने. या वेळी खरंच वस्तूवर आळ आहे, हस.

आता महत्त्वाचं. परवा तो पोस्टर घेऊन आला. चौकातून फाडून, घडी घालून. टेबलावर पसरलं आणि नाव वाचून हसला. म्हणाला, "ही कोणाची वहिनी?" त्याने तिकीट काढलंय. लढत झाली की तुला घेऊन घरी येणार म्हणतो. मला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणार आहे, मी आधी तुला गाठून सावध करीन म्हणून.

तुझी लढत असेल तेवढाच वेळ असा आहे की तो कुठे बसलाय हे मला पक्कं माहीत असेल. मुकादमबाईंना सगळं सांगितलं. त्यांची पाळी चारला सुटते, त्या नवऱ्याची पक्कड आणि पेचकस घेऊन येणार आणि कडी काढणार. त्यांच्या बहिणीच्या गावाची गाडी साडेचारची. पत्ता मागे लिहिलाय. पण स्टँड स्टेडियमच्या रस्त्यावरच आहे, चालत पाच मिनिटं. तो लवकर बाहेर पडला तर आम्ही समोरासमोर येऊ.

म्हणून रद्द करू नकोस. आणि वहिनी, तुला शेवटच्या फेरीपर्यंत उभं राहावं लागेल. लवकर हरलीस तरी तो उठेल. लवकर जिंकलीस तरी उठेल. कसं सांगू तुला हे, मला लाज वाटते. पण दुसरा दिवस मला दिसत नाही. नंतर तुझ्या भोवती बायका असू देत, एकटी बाहेर पडू नकोस.

मी खूप घाबरलेय. तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर जीभ झडली असती.

वन्सं


४ मार्च

वन्सं,

उभी राहीन. दार उघडलं की मागे वळून बघू नका, काही घ्यायला परत जाऊ नका. हॉलमधल्या सगळ्या मुली माझ्याबरोबर गावात येतायत, लढत संपल्यावर त्या स्टेडियमच्या दाराशी माझ्याभोवती असतील. तुम्ही फक्त गाडीत बसा.

वहिनी


११ मार्च

वन्सं,

हे पत्र मुकादमबाईंच्या बहिणीच्या पत्त्यावर टाकतेय. तुम्ही तिथे आहात की नाही मला माहीत नाही. तुम्ही आहात असं धरून लिहिते, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

तो चौथ्या ओळीत बसला होता, कडेच्या खुर्चीवर, हातात कागदी पेला. रिंगमध्ये चढल्याबरोबर दिसला. लाउडस्पीकरवर "वहिनी" असं नाव पुकारलं तेव्हा तोही टाळ्या वाजवत होता.

पहिल्या फेरीत मी नुसता मार खाल्ला, पण हात खाली आले नाहीत. तुम्ही लिहिलेलं सुतारिणीत शोधत होते. तिची टाच वर येत नाही, तिचं वेगळं आहे. डावा मारायच्या आधी ती तोंडाने हवा घेते. दुसऱ्या फेरीत मला ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दिसतच राहिलं. वन्सं, तुम्ही बघायला शिकवलंत. तिसऱ्या फेरीत मी तिला दोरीपाशी गाठली. ती झोकांड्या खात होती, हनुवटी उघडी पडलेली, मास्तरीणबाई घसा फाडून ओरडत होत्या, "आता! आता मार!" भिंतीवरच्या घड्याळात चारही वाजले नव्हते. मी मागे सरले. तिला श्वास घेऊ दिला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मास्तरीणबाईंनी मधल्या विश्रांतीत माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, "घाबरलीस?" मी म्हटलं, हो. ते खरंच होतं. ज्या सुतारिणीला मी सोडलं तिने पुढच्या फेऱ्यांत मला सोडलं नाही. तिची काही चूक नाही, ती कामाला आली होती.

प्रत्येक विश्रांतीला मी चौथ्या ओळीकडे बघायचे. सहाव्या फेरीनंतर बघितलं तर खुर्ची रिकामी. पेला खुर्चीखाली ठेवलेला होता. सरळ, जपून ठेवलेला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. घड्याळात तेव्हा साडेचारला अजून थोडा वेळ होता. सातव्या फेरीत मी दाराकडे बघितलं आणि तिचा डावा माझ्या कानशिलावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा रिंगमध्ये पडले. पंच आकडे मोजत होते आणि मला वाटत होतं, तो मोरीकडे गेला असेल, परत येईल, आला आणि मी पडलेली दिसले तर पुन्हा निघून जाईल. म्हणून उठले. आठवी फेरी संपेपर्यंत उभी होते. खुर्ची रिकामीच राहिली. गुणांवर हरले.

मुलींना घेऊन स्टँडवर धावले तर गाडी गेलेली. तुमच्या घराची कडी निघालेली होती, आत कोणी नव्हतं. सकाळी धुलाईघरात फोन केला, तर म्हणाले, मुकादमबाई आज कामावर आल्या नाहीत. का नाही आल्या हे कोणाला सांगता येईना.

डॉक्टरांनी आठवडाभर पडून राहायला सांगितलंय. डावा डोळा मिटलाय, उजव्याने लिहितेय. मी शेवटपर्यंत उभी राहिले वन्सं, पण त्याला बसवून ठेवता आलं नाही. दोन शब्द लिहा. कोणाकडूनही लिहवून घ्या. नुसता कोरा कागद पाठवलात तरी चालेल, पत्ता तेवढा तुमच्या अक्षरात हवा.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

आहे. आधी एवढंच वाच आणि पाणी पी, मग पुढे.

तुझं पत्र आत्ता आलं. तुझा नंबर त्या फोनमध्ये आणि फोन त्याच्या खिशात, त्यामुळे फोन करता आला नाही. परवा तुला एक पत्र टाकलंय, वाटेत असेल. मुकादमबाई माझ्याबरोबरच गाडीत चढल्या. मला एकटीला सोडवेना म्हणाल्या आणि पेचकस हातात घेऊनच पूर्ण प्रवास केला. इथल्या चौकीत त्याच माझ्या शेजारी बसल्या. या वेळी सगळं लिहून घेतलं आणि कोणी चहा पाजला नाही.

तो आला होता, वहिनी. आम्ही गाडीत बसलेलो, मी खिडकीशी, गाडी अजून उभीच. तो रस्त्याने आला तो घराकडे न वळता स्टँडमध्ये शिरला. का, ते कळलं नाही. तुझं तिसऱ्या फेरीतलं मागे सरणं त्याला कळलं असेल का? तू मार खात वेळ काढतेस हे त्याच्याइतकं कोण ओळखणार. तो एकेक खिडकी बघत आला. मी सीटखाली वाकणार होते. मुकादमबाईंनी माझा दंड धरला.

माझ्या खिडकीखाली थांबला. शिव्या देत होता. मग गप्प झाला. हातातल्या घराच्या किल्ल्या त्याने खालच्या कठड्यावर ठेवल्या, हळूच. टाच उचलली. पाय घासला.

काच उघडी होती. मी त्याच्या गळ्याखाली बघत होते, आणि माझ्या तोंडातून मोठ्याने निघालं, "दादा, मी बघतेय."

एवढंच. गाडीतले सगळे वळले. खालचा शेंगदाणेवाला वळला, कंडक्टर दारातून डोकावला. वीस-पंचवीस माणसं त्याच्या डाव्या हाताकडे बघायला लागली, आणि तो हात मागे गेलेला तसाच राहिला, वहिनी. आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताला पुढे यायला जागा सापडली नाही. मग गाडी सुटली.

भीती गेली असं समजू नकोस. रोज दार दोनदा तपासते. बाहेर कोणी पाय घासत गेलं की हातातलं काम थांबतं. इथेही दवाखान्याचं धुलाईघर आहे, बोटं जुळली की घेतील म्हणतात. तो कधीतरी शोधत येईल, हे मला माहीत आहे. पण आला तर मी वर बघेन, आणि ओरडेन, आणि आधी ओट्यापासून लांब सरकेन.

तू हरलीस याचं वाईट वाटलं असं लिहायला हवं. नाही वाटलं. तुझी हार मी माझ्यासाठी ठेवून घेतलीये, ती मी कोणाला देणार नाही.

डोळा उघडला की सरावाला जा. सुतारिणीला पुन्हा बोलाव. आणि या वेळी हनुवटी उघडी दिसली की घड्याळाकडे बघत बसू नकोस. मी पोचलेय, वहिनी. लवकर जिंक.

वन्सं